साचेखात्याची यादी आणि नवा कॉम्प्युटर

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं त्या शुक्रवारी बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. मी म्हटलं, "तुम्ही कशाला दगदग करता? मी जाऊन येते." तर म्हणाले, "यंत्र घरात येतला, आणि मी बघूक नको?" ज्या माणसाने एकोणीस वर्षं साचे चालवले, त्याला यंत्राच्या खरेदीत गप्प बसवायची माझी काय टाप! मी ऑफिसात रजा टाकली आणि निघालो दोघं, डिलाईल रोडवरून बस पकडून लॅमिंग्टन रोडला.

साचे म्हणजे कापड विणायचे माग. आमच्याकडे माग कोणी म्हणत नसे. बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते. संप झाला तेव्हा मी चौथीत होते. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, त्यामुळे बाबांच्या लेखी तो चालूच होता. पुढे ते परळच्या एका हॉस्पिटलात लिफ्टवर लागले, तिथूनच रिटायर झाले, पण कोणी विचारलं की काय करता, तर छाती काढून सांगायचे, "साचेवालो. सध्या संपार आसंय." वीस वर्षं झाली तरी सध्याच! लहानपणी मला याची लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर मी गुपचूप 'लिफ्टमन' लिहायचे. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कॉम्प्युटरची घाई होती ती एका यादीमुळे. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं मिळणार, अर्ज भरा, असं सुरू झालं होतं. पण अर्ज भरणार कोण? निम्मे लोक संपानंतर कोकणात निघून गेलेले, कित्येक वारलेले. मग आमच्या गिरणीतल्या लोकांनी मिळून एक समिती केली आणि प्रत्येक खात्यातल्या एकाला काम लावलं, आपापल्या खात्याची यादी करायची. नाव, हजेरीचा तिकीट नंबर, गाव, वारस, पत्ता. यादीत नाव असेल त्याच्या गावी समितीचं पत्र जाणार आणि त्याचा अर्ज भरून घेणार. नाव नसेल तर पत्र नाही. साचेखात्याचं काम बाबांनी अंगावर घेतलं आणि दोन वर्षं त्या कामापायी चपला झिजवल्या. चाळीचाळीत हिंडले, गणपतीला गावी गेले की कणकवली-देवगडपर्यंत घरं शोधत फिरले. सगळं एका लांबड्या वहीत लिहून आणायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवायची. दोनशे बारा माणसं झाली होती. पुढच्या रविवारचीच तारीख पडली होती, शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या खात्यांनी छापील यादी घेऊन यायची.

आणि नेमका आमचा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला. तो मुळातच सेकंडहँड घेतलेला. चालता चालता मध्येच बंद पडायचा, पंखा असा घरघरायचा की शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक व्हायची. यादी त्यातच होती. म्हणून मी शहाण्यासारखी यादीची एक सीडी काढून ठेवली, दुकानात फोन केला, तर दुकानदार म्हणाला, जुना द्या आणि नवा न्या. त्याचा माणूस गुरुवारी येऊन जुनं धूड घेऊनही गेला. मला वाटलं, आपण केवढ्या हुशार!

दुकानात मी प्रोसेसर, मेमरी, काय काय विचारत होते. चार ठिकाणी भाव काढून आले होते, त्यामुळे तोऱ्यात होते. बाबांनी मात्र डब्याला आधी हात लावून बघितला, मग वाकून मागची पंख्याची जाळी बघितली. "हवा खेळता का नीट? गरम झाला की यंत्र दगा देता," असं त्या पोराच्या वयाच्या दुकानदाराला त्यांनी ऐकवलं. सगळं ठरलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज, टायपिंगचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, सगळं टाकून देतो. फ्री."

"फ्री म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे असंच काका. सगळेच टाकतात."

बाबा माझ्याकडे वळले. "ह्या चोरीचा काय गो?"

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दबक्या आवाजात सांगितलं की बाबा, असंच असतं, आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पण असंच होतं. हे मी सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू! म्हणजे इतकी वर्षं आपल्या घरात चोरीचा माल होता आणि आपल्याला पत्ता नाही. गिरणी सुटली की दरवाज्यावर रोज झडती व्हायची. हात वर करून उभं राहायचं, पहारेकरी खिसे चाचपणार, डबा उघडून बघणार. एकोणीस वर्षं बाबा त्या झडतीतून गेले आणि त्यांच्या डब्यात कधी सुताचा गुंता सापडला नाही. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं, आणि दरवेळी मी "हो हो, माहितेय" म्हणून टाळलेलं.

"पैशे देवन घेतला तर किती?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. त्याने आकडा सांगितला. माझ्या महिन्याच्या पगारात तो बसत नव्हता. बाबा म्हणाले, "मगे नुसतो डबो द्या. आत काय नको."

दुकानदार हसला. मला त्याचाही राग आला आणि बाबांचाही. रिकामा कॉम्प्युटर घेऊन करायचं काय, त्यावर हार घालून पूजा? बसमध्ये अख्खा रस्ता मी त्यांच्याशी बोलले नाही. ते खोका मांडीवर घेऊन खुशाल खिडकीबाहेर बघत होते.

माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी एक बाई होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गिरगावातल्या फणसवाडीची. शनिवारी अर्धा दिवस होता. डबा खाताना तिच्यापाशी मी सगळं रडगाणं गायले. ती म्हणाली, "अगं, मग लिनक्स टाक ना! ती सिस्टीम खरोखरची फुकट असते. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि म्हणतात, घ्या, वापरा, दुसऱ्यालाही द्या." त्याच दुपारी ती सीडी घेऊन आमच्या खोलीत आली. आईने तिच्यापुढे आंबोळ्या ठेवल्या, बाबांनी तिच्यापुढे प्रश्न ठेवले.

"कोणी बनवल्यानी?"

"खूप जणांनी काका. वेगवेगळ्या देशांतले."

"मालक कोण?"

"मालक असा कोणी नाही."

"मालक नाय?" बाबा खुर्चीवरून पुढे सरकले. "आणि चालता?"

"मस्त चालते."

बाबांनी आईकडे बघितलं. त्या दिवशी चाळीतल्या निदान सहा जणांना त्यांनी गाठून सांगितलं की आमच्या कॉम्प्युटरातली सिस्टीम बिनमालकाची आहे, कामगारांनी आपली आपण चालवलेली. ऐकणाऱ्याला काही कळत नसे, पण बाबा एवढे रंगात आलेले की लोक माना डोलवायचे. मीही हसत होते. नवी सिस्टीम सुरू झाली, पडदा झगझगीत, पंख्याचा आवाज नाही. सगळं कसं छान. मैत्रीण गेल्यावर मी यादीची सीडी घातली आणि फाइल उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह, उलटा स्वल्पविराम, नुसती भेळ. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनशे बारा माणसांची भेळ.

बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. ते म्हणाले, "अगो, माझी माणसां सायब झाली!"

त्यांना वाटलं काही तरी बटण दाबायचं राहिलंय. मला मात्र लगेच कळून चुकलं. तेव्हाचे मराठी फॉन्ट असे असायचे की आत अक्षर इंग्रजीच, वर नुसता मराठी मुखवटा. तो मुखवटा म्हणजे तो फॉन्ट, तो जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो कॉम्प्युटर मी माझ्या हुशारीने दुकानाला देऊन बसले होते. सीडीवर मी यादी घेतली, फॉन्ट घेतला नाही. दुकानात फोन केला तर म्हणाला, जुना कॉम्प्युटर कालच साफ करून विकला. "पण ताई, टेन्शन नको. घेऊन या, आपलं विंडोज टाकतो, तोच फॉन्ट टाकतो, दहा मिनिटांत यादी दिसेल."

दहा मिनिटं! मी बाबांना सांगितलं, उद्या जाऊन टाकून आणते, यादी छापू, मग हवं तर काढून टाकू. कोणाला कळतंय?

बाबा म्हणाले, "नको."

"अहो, पुढच्या रविवारी यादी द्यायची आहे!"

"वही आसा मा?"

"वही आहे, पण टाइप कोण करणार? दोनशे बारा नावं, पत्ते, वारस! मला नोकरी आहे बाबा! तुमच्या ह्या हट्टापायी लोकांची घरं जातील, कळतंय का?"

असं मी बोलले. आवाज चढवून बोलले, दार उघडं होतं, गॅलरीतल्या सगळ्यांनी ऐकलं असणार. बाबांनी कपाटावरून लांबडी वही काढली, फडक्याने पुसली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

झक मारत मी बसले टाइप करायला. आणि तिथे दुसरी गंमत. मी दादरच्या क्लासात मराठी टायपिंग शिकलेली, सरकारी परीक्षा पास, मिनिटाला तीस शब्द. बोटं डोळे मिटून चालायची. पण नव्या सिस्टीममधला मराठीचा कीबोर्ड वेगळा होता. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. माझं बोट सवयीने जाईल तिथे भलतंच अक्षर उमटायचं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, इथे अक्षरानंतर. मी दर शब्दाला चुकत होते आणि दर चुकीला चिडत होते. मैत्रिणीने अक्षरांच्या चिकटपट्ट्या दिल्या होत्या, त्या मी एकेका बटणावर लावल्या. शनिवारी संध्याकाळी पाच नावं झाली, रविवारी सबंध दिवसात तेरा. बाबा स्टुलावर बसून माझ्या बोटांकडे बघत होते. एकदाच म्हणाले, "डावो हात काना-मात्रा, उजवो हात अक्षर. बोलतंव तसाच." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी ऑफिसला जाताना कॉम्प्युटर बंद करायला मी विसरले. संध्याकाळी सात वाजता घरी आले, तर आई दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "बघ तुझ्या बापाशीक! दुपारी बारापासून हलूक नाय. जेवूक नाय, चाय नाय!" आत बाबा खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात मांडीवर, नजर पडद्यावर.

"काय झालं बाबा?"

"चालू साचो सोडून उठूचा नसता," ते म्हणाले. "बदली येवक नाय. मगे उठतलंय कसो?"

गिरणीचा तो नियमच होता. पाळी संपली तरी आपल्या जागी दुसरा माणूस, म्हणजे बदली, येऊन उभा राहीपर्यंत चालता साचा सोडायचा नाही. एक धागा तुटला आणि बघायला कोणी नसलं तर वारभर कापड वाया. कॉम्प्युटर चालूच सोडून उठलं तर काय बिघडेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बंद कसा करतात हेही ठाऊक नव्हतं, म्हणून हा माणूस सात तास त्याच्यापुढे पहारा देत बसला. मला हसू आलं, पण तेवढ्यात माझी नजर गेली पडद्यावर. मी सोडून गेलेल्या अठराव्या नावाच्या खाली आणखी नऊ नावं होती. नाव, तिकीट नंबर, गाव, वारस, पत्ता. एका ठिकाणी 'देवगड'चं 'दवगड' झालं होतं. बाकी सगळं चोख.

"हे कोणी केलं?"

"मीच," बाबा म्हणाले. "आता उठू काय?" आणि मोरीकडे जे धावले!

सातवीपर्यंत शिकलेला माझा बाप. टाइपरायटरला कधी हात लावलेला नाही. मला जुनी सवय सोडवत नव्हती, आणि त्यांना सोडायला सवयच नव्हती. शिवाय ती बोटं! तुटलेल्या धाग्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारणारी. माझ्या चिकटपट्ट्या वाचून एका दुपारीत त्यांनी कीबोर्ड पाठ केला. मी त्यांना फाइल साठवायला आणि कॉम्प्युटर बंद करायला शिकवलं. त्यांनी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, एक, दोन, तीन असे आकडे घालून.

मंगळवारपासून घरात पाळ्या लागल्या. वहीतून बघायचं आणि बटणं पण बघायची, यात बाबांची मान दुखायची. म्हणून आईने वाचायचं आणि बाबांनी टाइप करायचं असं ठरलं. आई चौथी पास, पण वाचन लख्ख. संपाच्या आधी ती खानावळ चालवायची. आमच्या खोलीत साचेखात्यातले आठदहा एकटे बाप्ये दोन वेळा जेवायला असत, पंगती बदलत राहायच्या. त्यामुळे यादीतली कितीतरी माणसं तिच्या हातचं जेवलेली. तिने नाव वाचलं की मागोमाग शेरा यायचा. "ह्याका रोज सुको बांगडो लागायचो." "ह्यो भातार भात मागायचो, पण बिचारो लाजायचो." "अरे देवा, ह्यो गेलो काय? कधी?" मग वारसाच्या खान्यात बायकोचं नाव वाचताना तिचा आवाज बारीक व्हायचा. बाबा म्हणायचे, "फुडे." तर आई पुढे.

हे मला रात्री जेवताना कळायचं, कारण दिवसभर मी ऑफिसात. मी संध्याकाळी येऊन चुका तपासायची आणि जमतील तेवढी चारदोन नावं टाकायची. बुधवारी बाबांनी सत्तावन्न केली. गुरुवारी त्याहून जास्त. फणसवाडीच्या मैत्रिणीला मी सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटले होते. लिफ्टमन लिहिणारी मी, आता म्हणत होते, "आमचे बाबा साचेवाले, आणि मराठी टायपिंगमध्ये माझ्यापेक्षा फास्ट!" शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर आई-बाबा दोघं पलंगावर पाय सोडून चहा पीत बसलेली. यादी पुरी झाली होती. खाली बाबांनी ठळक मोठ्या अक्षरांत ओळसुद्धा घातली होती, 'एकूण नावे दोनशे बारा'. ठळक कसं करायचं ते त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

शनिवारी सकाळी छापायच्या आधी मी सहज मोजली. दोनशे अकरा.

पुन्हा मोजली. दोनशे अकराच. बाबांचा जीव कासावीस झाला. एक माणूस राहिला म्हणजे कोणाचं तरी पत्र जाणार नाही, कोणाचं तरी घर जाणार. वही आणि पडदा समोरासमोर ठेवून मी एकेक नावावर बोट फिरवायला लागले. बाबा पाठीमागे उभे, आई पोळपाटावर चपात्या लाटतेय. एकशे शहाण्णवपर्यंत सगळं जुळलं. एकशे सत्त्याण्णवपाशी माझं बोट थांबलं.

वहीत एकशे सत्त्याण्णव नंबरला माझ्या बाबांचं नाव होतं. यादीत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "हे नाव वाचलं नाहीस तू?"

आई लाटतच राहिली. तिचे कान लाल झाले होते. "मी थांबलंय थय," ती म्हणाली. "पण हे म्हणाले 'फुडे'. मगे मी फुडे गेलंय."

माझ्या आईने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशन दुकानात, दवाखान्यात, माझ्या शाळेत, कुठेच नाही. कोणी विचारलं तर मला पुढे करायची, "तू सांग गो." त्या दुपारी एकशे सत्त्याण्णवपाशी ती थांबली, ओळखून घेतील म्हणून वाट बघत राहिली. बाबांचं लक्ष बटणांवर. त्यांना वाटलं आदल्या माणसाचं पुरं होण्याची वाट बघतेय. आणि दोन वर्षं दुसऱ्यांची घरं शोधत फिरलेल्या माणसाला आपलं स्वतःचं नाव गळल्याचं लक्षातही आलं नाही. रविवारी यादी तशीच गेली असती तर दोनशे अकरा जणांना पत्र गेलं असतं आणि यादी करणारा राहिला असता.

माझं डोकंच फिरलं. "आई, अगं घराचा प्रश्न आहे! एकदा उच्चारलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"जल्मात कधी घेवक नाय, आता घेव काय?" तीही तडकली.

बाबा मला म्हणाले, "जाव दे, तू टाक." मी कीबोर्डकडे हात नेला, तेवढ्यात आईने लाटणं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. "ऊठ," ती मला म्हणाली.

मी उठले. आई खुर्चीत बसली, पण पुरती नाही, कडेवर, परक्याच्या घरी बसावं तशी. आठवडाभर ती त्या बटणांशेजारी बसली होती. कुठलं अक्षर कुठे आहे ते तिने बघून ठेवलं होतं. एका बोटाने तिने पहिलं अक्षर दाबलं आणि पडद्याकडे बघितलं. मग काना. मग पुढचं अक्षर. बाबा सांगायला तोंड उघडत होते, मी त्यांचा हात धरला. नाव झालं, वडिलांचं नाव झालं, आडनाव झालं. तिकीट नंबर तिने वहीत न बघता टाकला. गाव टाकलं. वारसाच्या खान्यात काय लिहायचं ते तिने बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझा नाव आणि हिचा."

"घेवक नाय," आई खुर्चीतून उठत म्हणाली, "लिवलंय." आणि चपात्यांकडे गेली.

मी बघितलं तर आईने ते सगळं यादीच्या तळाशी, 'एकूण नावे दोनशे बारा' या ओळीच्या खाली टाइप केलं होतं. बाबांनी ती ओळ ठळक आणि मोठी केली होती, त्यामुळे खालचं सगळं तसंच ठळक, तसंच मोठं आलं. म्हणजे दोनशे अकरा जण बारीक अक्षरांत आणि माझे बाबा दुकानाच्या पाटीएवढे. मी म्हटलं, थांबा, उचलून एकशे सत्त्याण्णवला नेते आणि बारीक करते. बाबांनी माझा माउसवरचा हात बाजूला सारला.

"हात लावू नको," ते म्हणाले. "असाच जावदे."

कधी कुठे पुढेपुढे न करणारा माणूस! पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्याने छापून दिलं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे समितीचे तिघं बसले होते. बाकीच्या खात्यांच्या याद्या कोणाच्या हाताने लिहिलेल्या, कोणाच्या दुकानातून टाइप करून आणलेल्या. आमची त्यांनी पानोपान उलटून बघितली. मधला म्हातारा, स्वतः कधीकाळी गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम होता, शेवटच्या पानावर थांबला. चष्मा वर करून त्याने बाबांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला, "काय रे साचेवाल्या, सगळे बारीक आणि तू एकटाच एवढा मोठा? मालक झालास काय?"

हॉलमध्ये हशा पिकला. आई बायकांच्या रांगेत बसली होती, तिने मान खाली घातली. बाबा हसले नाहीत. एकदा आईकडे बघून घेतलं आणि टेबलावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"दोनशे अकरा आम्ही बापलेकींनी टाइप केली," ते म्हणाले. "ह्या एक नाव आमच्या घरकारणीन केल्यान."